रंकाळ्यावरचे तीन सांधे

शेण खाल्लं मी, पावणं. पहिल्यांदा हेच सांगून टाकतो, न्हायतर पुढचं ऐकताना तुमाला माझी कीव यायची, अन् ती मला नको हाय. शाहू सरकारांच्या राज्यात, ह्या रंकाळ्याच्या घाटावर, एका गरीब माणसाच्या डोस्क्यावर मी माझी चूक ठेवली अन् वरनं मान बी घेतला. तुमी विचारलं म्हणून सांगतो. मधी बोलू नका, मला राग येतोय. राग माझा जुनाच हाय, त्येनंच सगळं वाटुळं केलं.

माझं नाव कुतुबुद्दीन. आमचं घराणं कल्हईचं. माझा बाप दिलदार कल्हईवाला भाता घिऊन बसला की चार पेठांच्या बाया तांब्या-पितळंची भांडी घिऊन दारात यायच्या. भांडं तापवायचं, नवसागराची चिमट टाकायची, पांढरा धूर निघाला की कथील लावायचं अन् कापसाच्या बोळ्यानं आतनं फिरवायचं. भांडं चकाकलं की लगोलग पाण्यात बुडवायचं अन् राखंनं घासायचं. का? तर नवसागर भांड्याला ऱ्हायला की तांबं खातोय, हिरवा कळंक धरतोय. हे मला दहाव्या वर्सापासनं ठावं हुतं. म्हंजी ठावं न्हवतं असं म्हणायची सोय मला न्हाय.

आता मी विजेच्या कामात कसा गेलो ते ऐका. रंकाळ्याच्या काठाला रुद्राप्पा शेटचा तेलाचा कारखाना हुता. शेट निपाणीकडचा, लिंगायत, आवाज असा की इंजिन चालू असलं तरी त्येचं बोलणं घाटापर्यंत ऐकू यायचं. त्येनं मुंबईसनं डायनमो आणला अन् तेलाच्या इंजिनाला जोडला. कारखान्यात विजेचं दिवं लागलं तवा लोक पोरंबाळं घिऊन बघायला आली. तारा जोडायला कथलाचा डाग देणारा माणूस पायजे हुता, म्हणून मला बोलावलं. मुंबईचा फिटर महिनाभर ऱ्हायला, मी त्येच्या हाताखाली शिकलो. लई लवकर शिकलो, हे बी खरं हाय.

जाताना त्या फिटरनं माझ्या हातात राळंचा डबा दिला. म्हणला, "तारंला डाग देताना हीच लाव. नवसागर लावू नकोस. भांडं धुता येतंय, तार धुता येत न्हाय. सांधा आतनं कुजंल."

मी "व्हय साहेब" म्हणलं. पण मनात म्हणलं, आरं जा की! दिलदार कल्हईवाल्याच्या पोराला तू डाग द्यायला शिकवतोस? राळंनं डाग बसतोय, न्हाय असं न्हाय, पण त्यो मळका दिसतोय, चमकत न्हाय. नवसागरानं कथील कसं पाण्यासारखं धावतंय! डबा मी घरातल्या कोनाड्यात ठिऊन दिला. डास झालं की माझी बायकू लालबी त्यातली चिमटभर निखाऱ्यावर टाकायची.

त्या वैशाखात शेटच्या थोरल्या पोराचं लगीन हुतं. शेटच्या मनात आलं, वरात होडीतनं काढायची, अन् होडीला चाळीस विजेचं दिवं लावायचं. म्हणला, "कुतबू, अख्खं कोल्हापूर बघाय आलं पायजे." होडीवर काय इंजिन चढवता येत न्हवतं, तवा वीज काठावरनंच न्यायची. कारखान्यापासनं घाटापर्यंत बांबूवरनं तार, अन् घाटापासनं होडीला दीडशे हात मोकळी तार. होडीनं दीडशे हात आत जायचं, नवरा-नवरीला घिऊन एक वळसा मारायचा अन् परत यायचं. मोकळी तार एकसलग न्हवती, तुकडं हुतं. म्हणून तीन सांधे. एक घाटाजवळ, एक मधी, अन् तिसरा होडीवर, नाळंच्या, म्हंजी होडीच्या पुढच्या टोकाच्या, लोखंडी कडीला लागून. तिन्ही मी नवसागरानं डागलं. कसलं चकाकलं हुतं म्हणून सांगू! वरनं रबरी पट्टी गुंडाळली, डांबर फासलं, अन् स्वतःच्याच हाताकडं बघून खूश झालो.

होडी गुंडू आंब्याची, आंबी म्हंजी होडी चालवणारा. गुंडू म्हंजी उंच, काळाभोर, बोलायला चोर. होडी त्येच्या बापानं बांधलेली, माणसं अन् गवताचं भारं ह्या काठावरनं त्या काठाला न्यायची. दुसरं त्येच्याकडं काय न्हवतं, ना शेत ना म्हस. बोलायचं काम त्येची बायकू धोंडुबाई करायची. तार पाण्यात बुडू नये म्हणून काय करावं ह्येचा मी दोन दिस विचार करत बसलो. तिसऱ्या दिवशी गुंडू गपचिप वाळकं भोपळं घिऊन आला. पोरं पवायला शिकताना कमरंला बांधत्यात तसलं. दर पाच हातावर एक भोपळा बांधला अन् तार पाण्यावर तरंगाय लागली. मला आपलं वाईट वाटलं की हे मला का सुचलं न्हाय. धोंडुबाई पदर तोंडाला लावून हसली, म्हणली, "कुतुबभाऊ, तुमची वीज पवायला शिकली बघा!"

घाटावरची सगळी माणसं हसली. मी बी हसलो, पण मला ते लागलं. असला माणूस मी.

पहिलं पंधरा दिस दिवं झकास. दिवेलागणीला इंजिन चालू करायचं, होडी आत जायची, पाण्यात चाळीस दिवं उलटं दिसायचं. शेट पायरीवर उभा ऱ्हाऊन मिशीला पीळ भरायचा. लगीन बारा दिसांवर आलं अन् एका सांजंला दिवं तांबडं पडलं. आदी वाटलं इंजिन दमलं. पण कारखान्यातलं दिवं टक्क जळत हुतं. दुसऱ्या दिवशी आनखी मंद. तिसऱ्या दिवशी दिव्यातली तार नुसती निखाऱ्यावानी दिसाय लागली, उजेड म्हणून न्हाय.

अन् त्याच सांजंला धोंडुबाई गुडघाभर पाण्यात उभी ऱ्हाऊन होडी धूत हुती. तिनं कडीला हात घातला अन् किंचाळली. हात कडीवरनं सुटंना. गुंडूनं होडीला लाथ घालून होडी ढकलली तवा ती सुटली अन् मागच्या मागं पाण्यात पडली. बाहेर काढली तर तोंडातनं शब्द निघंना, उजवा हात लाकडावानी. मी पळत जाऊन इंजिन बंद केलं.

आता शहाण्या माणसानं काय करायचं? सांगतो. मी ते केलं बी, अर्धं. दुसऱ्या दिवशी इंजिन चालू केलं अन् होडीत सगळ्यांस्नी मनाई केली. दोन तारांना एक दिवा बांधून तपासत निघालो. बांबूपाशी दिवा लावला, टक्क. घाटावर लावला, टक्क. होडीवर लावला, तांबडा. म्हंजी कारखान्यापासनं घाटापर्यंत सगळं बरोबर, दुखणं त्या दीडशे हातात. त्या दीडशे हातात होतं तरी काय? कोरी करकरीत तार, भोपळं, अन् माझं तीन सांधे. लहान पोरानं बी सांगितलं असतं, सांधे उघडा.

इंजिन थांबवलं अन् तिसऱ्या सांध्याला हात लावला. कोमट लागला. सांधा कुजला की वीज अडती अन् त्यो तापतोय. दिस कलला हुता, होडी सावलीत हुती. तरी मी मनाला सांगितलं, दिसभर उन्हात पडलाय, त्येची ऊब असंल. सांधा मी उघडला न्हाय. का उघडला न्हाय? कारण पायरीवर शेट उभा हुता, त्येच्या मागं पन्नास माणसं हुती, अन् माझा सांधा मीच सगळ्यांसमोर फोडून बघायचा म्हंजी माझ्या बापाचं नाव मीच पुसायचं, असं मला वाटलं. आता वाटतंय, बाप असता तर त्येनंच माझ्या कानाखाली जाळ काढला असता.

शेट वरनं वरडला, "कुतबू! काय झालंय? दहा दिसांत लगीन हाय, माझी अब्रू घालवतोस काय?"

मी वर बघितलं अन् माझ्या तोंडातनं निघून गेलं, "होडी जोरानं वडली, शेट. तारंला हिसका बसलाय. आतनं तार तुटलीया, वरनं दिसत न्हाय."

गुंडूनं माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाय हो, नुसतं बघितलं, काय बोलला हा माणूस असं. मग म्हणला, "न्हाय शेट. मी कवाच तार ताणली न्हाय. दहा हात राखूनच वळवतो. ह्या पाण्याची आन."

"मग काय भोपळ्यांनी ताणली?" मी म्हणलं. माझा आवाज चढला हुता. खोटं बोलणाऱ्याचा आवाज चढतोच. "हे भोपळं बांधायची अक्कल कुणाची? दर पाच हातावर गाठ, दर गाठीला वड! तुमा लोकांस्नी वीज काय ठावं? तुमची ती गवत वडायची होडी!"

घाटाचा मक्ता त्या साली शेटकडंच हुता. कुणाची होडी पाण्यात ऱ्हायची अन् कुणाची न्हाय, हे त्येच्या हातात. त्येनं तितल्या तितं सांगितलं, गुंडूची होडी बाहेर काढा, उद्यापासनं पंचगंगेवरच्या बाळासोची होडी हितं लावा. शेटच्या माणसांनी होडी वर वडली अन् काठावर पालथी घातली. भोपळं सुरीनं कापून टाकलं. गुंडू एका बाजूला उभा हुता. येवढंच म्हणला, "शेट, सावलीत तरी ठेवा. वैशाखाचं ऊन हाय. फळ्या तडकतील."

कुणी त्येचं ऐकलं न्हाय. मी बी न्हाय.

तार बाळासोच्या होडीला लावायची म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती घरी आणली. लालबी भात्यापाशी बसली हुती. बापाच्या मागं दुकान तीच बघायची, कल्हई माझ्यापरास चांगली करायची. मी कोपऱ्यात तिच्याकडं पाठ करून बसलो अन् तिसऱ्या सांध्याची पट्टी कापली. आत ओल, त्याच ओलीतनं वीज कडीत उतरली हुती. हिरवा गिच्च लगदा. तांब्याचं पंधरा-वीस बारीक धागं हुतं त्यातलं दोन-तीन शाबूत, बाकी बोट लावलं की भुगा. दुसरा सांधा उघडला, तसाच. पहिला, तसाच.

लालबी कवा मागं येऊन उभी ऱ्हायली कळलंच न्हाय. तिनं माझा हात धरला, बोटाची हिरवी पूड बघितली. म्हणली, "अवो, हा तर नवसागराचा कळंक. धुतला न्हाईसा व्हय?"

"गप बस," मी म्हणलं.

"मग त्या गुंडूची होडी..."

"गप बस म्हणलं न्हवं? तुला कुणी विचारलंय?"

ती गप बसली. पण जागची हलली न्हाय. मग कोनाड्यातला राळंचा डबा काढून माझ्या पुढ्यात ठेवला अन् परत भात्यापाशी जाऊन बसली. दिसभर माझ्याशी एक शब्द बोलली न्हाय, अन् मला वाटलं बोलली असती तर बरं झालं असतं.

तुमी म्हणाल, अजून वेळ हुता की! हुताच. लगीन आठ दिसांवर हुतं. तितनं उठून घाटावर जायचं, शेटला म्हणायचं, माझं चुकलं, गुंडूची होडी पाण्यात सोडा. येवढंच. पण मी काय केलं? कुजलेलं तुकडं कापलं, चुलीत घातलं, अन् राळ लावून तिन्ही सांधे नवं केलं. मनात म्हणलं, आदी दिवं लागू देत, वरात पार पडू दे, मग सांगू. मग म्हंजी कवा, हे मी माझं मला बी विचारलं न्हाय.

त्या सांजंला तारंला भोपळ्यांऐवजी कारखान्यातलं रिकामं डबं बांधलं अन् बाळासोच्या होडीवर चाळीस दिवं लागलं, टक्क. अन् शेट पायरीवरनं काय वरडला ठावं हाय? "बघितलंसा? आंबी बदलला अन् दिवं लागलं! कुतबू म्हणला तेच खरं!"

मी सांधा दुरुस्त केला अन् त्यो गुंडूवरचा पुरावा झाला. आता तोंड उघडायचं म्हंजी दुप्पट शेण.

वरात झाली. रंकाळ्याच्या भवतीनं मुंगीला शिरायला जागा न्हवती. वरातीनंतर शेटनं मला मांडवात पुढं बोलावलं अन् सगळ्या पावण्यांसमोर माझ्या डोस्क्याला फेटा बांधला. ताशा वाजत हुता. मांडवाच्या कडंला, दोरीच्या पलीकडं गुंडू उभा दिसला. मला वाटलं आता त्यो वरडंल. त्येनं काय केलं? दोन्ही हात जोडून मला लांबनंच नमस्कार केला. जिलबीचं ताट पुढं आलं, मी ते शेजारच्याकडं सरकवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्येच्या पाचव्या दिवशी गुंडू माझ्या दारात आला. पायरीवर बसला, आत ये म्हणलं तरी आला न्हाय. मग म्हणला, "कुतुबभाई, मी आठवून आठवून बघितलं. माझा तर हात लागला न्हाय. मी तार ताणली न्हाय. पण तू काय खोटं बोलायचा न्हाईस. इतका हुशार माणूस, शेटनं फेटा बांधला. मग मला कळलं. हिनंच काय तरी केलं."

"कुणी?"

"माझ्या बायकूनं. होडी धुताना तीच तार धरून वडत हुती असंल. न्हायतर वीज तिलाच का धरंल? चूक तिची हाय. तिला मलकापूरला तिच्या आईकडं घालवून दिली. आता ती परत यायची न्हाय. माझी होडी घालवली तिनं." अन् त्यो उंच माणूस वाकून माझ्या पायाला हात लावाय लागला. "तिच्या चुकीची मी माफी मागतो. शेटजवळ शब्द टाक. होडीला बोटभर तडं गेल्यात. आनखी पंधरा दिस पाण्याबाहेर ऱ्हायली तर ती सरपणच हाय."

भाता थांबला. लालबी आतनं माझ्याकडं बघत हुती.

हितं तरी मी सांगायला पायजे हुतं न्हवं? माणूस पायाशी हुता, दारात तिसरं कुणी न्हवतं. पण ह्या नालायक डोस्क्यात एक वाट निघाली. खरं न सांगता बी होडी सोडवता येतीया की! मी फेटा बांधलेला माणूस, माझा शब्द शेट मोडणार न्हाय. मी तसाच उठलो, शेटकडं गेलो, म्हणलं, "शेट, गुंडूला माफ करा. गरीब हाय. पुन्यांदा असं करणार न्हाय."

पुन्यांदा असं करणार न्हाय, म्हणलो! काय हा निलाजरेपणा! शेट खूश. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणला, "कुतबू, मोठ्या मनाचा माणूस हायेस." दुसऱ्या दिवशी होडी सुलटी केली. गुंडूनं फटींत काथ्या अन् डांबर भरलं अन् होडी पाण्यात सोडली. मी दिसलो की त्यो रामराम घालायचा, अन् घाटावरच्या माणसांस्नी सांगायचा, ह्या भाईमुळं माझी होडी वाचली.

मला वाटलं मिटलं. मिटलं न्हवतं. गुंडू एकटा भाकरी थापायचा, होडीतच झोपायचा. मी एकदा म्हणलं, "अरे, होडी मिळाली, आता वैनीला घिऊन ये." तर म्हणला, "न्हाय. होडी तू दिलीस. तिनं तर घालवलीच हुती." अन् वल्हं उचलून चालू पडला. म्हंजी होडी मी सोडवली, पण धोंडुबाईवर बसलेली माझी चूक जागची हलली न्हाय. ती काढायला खऱ्याशिवाय दुसरं कायच चालत न्हवतं.

ह्या गोष्टीवर लालबीनं त्या दिवशी महिन्यानं तोंड उघडलं. म्हणली, "त्या बाईच्या हाताला तुमची वीज बसली, अन् नावाला तुमची चूक. जेवता कसं तुमी?" मी ताटावरनं उठलो.

शाहूवाडीकडनं तांदूळ घिऊन आलेल्या गाड्या रिकाम्या परत जायच्या. त्यातल्या एका गाडीत बसलो अन् मलकापूरला गेलो. दोन दिस लागलं. वाटंत शब्द जुळवत हुतो, हे असं सांगू, ते तसं सांगू. धोंडुबाई तिच्या आईच्या अंगणात सुपानं तांदूळ पाखडत हुती. मला बघून उठली न्हाय. पाणी आईनं दिलं.

मी सगळं सांगितलं. नवसागर, राळ, कोमट सांधा, हिरवी पूड, सगळं. काय लपवलं न्हाय. सांगता सांगता रडलो बी. म्हणलं, "वैनी, तुमची कायच चूक न्हाय. माझीच हाय. मला माफ करा."

तिनं सूप खाली ठेवलं. घाटावर हसणारी ती बाई न्हवतीच ती. म्हणली, "मला कशाला सांगाय आलासा, कुतुबभाऊ? माझी चूक न्हाय हे मला ठावंच हाय. ज्येला ठावं न्हाय त्येला सांगायचं सोडून येवढ्या लांब आलासा. का? हितं तुमाला कुणी वळखत न्हाय म्हणून?"

खरं तेच हुतं. कोल्हापुरात तोंड उघडायला नको म्हणून मी दोन दिसांची वाट तुडवून सोप्या माणसाकडं आलतो. "जावा आता," ती म्हणली, अन् सूप उचललं. मी माफी मागितली हुती, तिनं दिली न्हाय, अन् मला ते बरोबरच वाटलं.

कोल्हापुरात उतरलो ते घरी गेलो न्हाय. सरळ घाटावर. सकाळची वेळ, बाया धुणं धूत हुत्या, गुंडूच्या होडीत पलीकडं जाणारी सहा-सात माणसं बसली हुती. शेट पायरीवर बाळासोशी बोलत उभा हुता. मी म्हणलं, "शेट, थांबा. गुंडू, वर ये. सगळ्यांनी ऐका."

मी सांगितलं. "तार गुंडूनं ताणली न्हवती. धोंडुबाईनं बी न्हाय. माझं तिन्ही सांधे कुजलं हुतं. फिटरनं बजावलं हुतं नवसागर लावू नको, मी लावला. मग चोरून दुरुस्त केलं अन् तुमचा फेटा बांधून घेतला."

धुण्याचा आवाज थांबला. शेटचं तोंड लाल झालं, मग इकडं तिकडं बघून म्हणला, "अय्यो, झालं गेलं आता. होडी दिली की त्येला परत. कशाला गावभर करतोस?" त्येची बी अब्रू हुतीच की त्यात.

गुंडू पायऱ्या चढून माझ्यासमोर आला. मी डोळं मिटलं. मार खायची तयारी करूनच गेलतो, खरं तर मार मिळावा म्हणूनच गेलतो. त्येनं मारलं न्हाय. म्हणला, "कवा कळलं तुला?"

"लग्नाच्या आदी. आठ दिस आदी."

त्येनं मनात हिशेब केल्यासारखं केलं. "म्हंजी मी तुझ्या पाया पडलो तवा?"

"ठावं हुतं."

त्यो माझ्याकडं न बघता, पाण्याकडं बघत म्हणला, "तिला मी मारलं रं. काठीनं मारलं. मार खाताना बी ती म्हणत हुती, मी हात लावला न्हाय, मी हात लावला न्हाय."

खांद्यावरचं वल्हं त्येनं पायरीवर ठेवलं अन् अनवाणीच मलकापूरच्या वाटंला लागला. मी हाक मारली न्हाय, मला तोंड न्हवतं. होडीतली माणसं तशीच बसून ऱ्हायली हुती. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आता आमाला पलीकडं कोण न्हेणार?" अन् सगळी आदी पायरीवरच्या वल्ह्याकडं अन् मग माझ्याकडं बघाय लागली.